अकरा तंग

कोचकोर, २ मार्च २००४

एर्मेक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच चुलीत टाकू नकोस. कुणी गेलेलं नाही. बाबा गेले त्याला पाच महिने झाले. ते तुला ट्रकवाल्या शेजाऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं, तू आला नाहीस, तो विषय संपला. मी रडगाणं गायला बसलेली नाही. मला एक मशीन घ्यायचंय, आणि मशीनमधलं कळणारं आपल्या घरात तुझ्याशिवाय कधीच कुणी नव्हतं. तू तिकडं परमुलखात लाकडाच्या गिरणीत मशीनं दुरुस्त करतोस असं ट्रकवाला सांगत होता. म्हणून विचारते.

सोन-कोल तळ्यावर आता उन्हाळ्यात बाहेरदेशीचे पाहुणे येतात. त्यांना घोड्यावरून फिरवायला इथल्या घोडेवाल्यांनी मंडळ काढलंय. त्यांना तीस तंग हवेत, जून लागायच्या आत. घोड्याच्या पोटाखालचा पट्टा तो, बसणाऱ्याचा जीव त्यावर. आणि बसणारे कोण, तर जन्मात घोडा न पाहिलेले लोक. तीस तंग मी हातानं शिवू शकत नाही. नऊ वर्षं आरीनं भोकं पाडून दोन सुयांनी शिवतेय. उजवा अंगठा सकाळी वळत नाही, चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

घरात मशीन आहे की, म्हणशील. आहे. त्यावर पिठाची पोती ठेवलीत.

बिश्केकला मशीनवाल्यांच्या ओळीत एकदा जाऊन आले. तीन तऱ्हेची दिसली. एक साधं, खालचे दाते माल पुढं ढकलतात. दुसऱ्याचे दाते, सुई आणि वरचा पाय तिन्ही एकदम चालतात, माणूस पावलं टाकतो तसे. तिसरं तसंच, पण त्याला सपाट मेज नाही, कोपरापासून हात पुढं करावा तशी नळी पुढं आलेली. बूट, पिशव्या, असलं वाकडंतिकडं त्यावर चांगलं होतं म्हणे. मोटर सगळ्यांचीच पिसाळलेली, पाय टेकला की पळतात. ती सावकाश चालवता येते का? आठ मिलिमीटर चामड्याला केवढी सुई? दोरा सुती की नायलॉनचा?

नाही कळवलंस तरी मी घेणारच आहे. पण या वेळी चुकीचं घ्यायचं नाहीये.

तुझी मोठी बहीण, एजे,
सोनुन


४ एप्रिल

एर्मेक,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. "तंग मी बांधला होता. मला लिहू नकोस." दोन ओळी, आणि त्यांच्यासाठी तिकीट कसलं छान लावलंयस, पक्ष्याचं.

मी मशीनबद्दल विचारलं होतं. तंग कुणी बांधला ते विचारलं नव्हतं.

तरी लिहिते. तू नको म्हणालास म्हणून मी कधी काही थांबवलंय?

काल पुन्हा बिश्केकला गेले. या वेळी मशीनवाल्यांच्या ओळीत शेवटी एक रशियन बाई सापडली, झिनाइदा. सत्तरीची असेल. बुटांच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनं दुरुस्त करत होती. कारखाना बंद पडला तेव्हा जे हाताला लागलं ते घेऊन आली, दुरुस्त करून विकते. डोक्याला पुरुषी टोपी, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. बाकीचे दुकानदार "ताई या, बघा, नवंकोरं" करत होते, ही बघेचना.

मी म्हटलं, "चामड्याचं मशीन हवंय."

"चामडं म्हणजे काय? हातमोजे? पाकिटं?"

"तंग."

तिनं बिया चावायच्या थांबवल्या. "घोड्याचा? मग तुला स्वस्तातलं दाखवायचं पाप मी करणार नाही. बस."

मी स्वतःच त्या साध्या मशीनकडं बोट दाखवलं. का दाखवलं ते विचारू नकोस. म्हटलं, "हे चालणार नाही?"

"हे? हे ताडपत्रीला. तंबूला. चालतं ना, जाड चामड्यावरसुद्धा चालतं. तीच तर गंमत आहे." तिनं चामड्याचे दोन तुकडे घेतले, एकावर एक ठेवून शिवायला लागली. टाके सरळ, एकसारखे. मग जिथं तिसरा थर सुरू होतो, बक्कलपाशी घडी येते तशी, तिथं माल चढेना. दाते खालून घासत राहिले, वरचा पाय दाबून बसला, आणि सुई जागच्या जागी खालीवर, खालीवर. बाई पाय उचलेना, मला दिसावं म्हणून. शेवटी माल सरकला. तिनं तुकडा माझ्या हातात दिला.

"कसं दिसतंय?"

"छान. टाके बारीक आहेत."

"सगळे असंच म्हणतात. बारीक टाका, मजबूत शिवण. कापडाला खरं आहे ते. चामड्यात सुई धागे बाजूला सारत नाही बाई, भोक पाडते. आणि भोकाला लागून भोक पडलं की काय होतं? ओढ."

मी ओढलं नाही. तिनंच ओढलं. घडीपाशी, त्या बारीक टाक्यांच्या रेषेत, टरकन सुटलं. पोस्टाचं तिकीट सुटतं तसं. दोरा शाबूत. चामडंच फाटलं.

"नवं असताना टिकतं," ती म्हणाली. "पावसात भिजलं, वाळलं, घोड्याचा घाम लागला, की एक दिवस हिसका बसतो आणि..."

मी उठून बाहेर आले. ती मागून हाका मारत होती, "अगं, चांगलं मशीन तरी बघून जा!" भटारखान्यापाशी भिंतीला धरून उभी राहिले. एका बाईनं विचारलं, "दिवस गेलेत का गं?" या वयात! मी हसले. आणि मग हसणं थांबेना.

मशीन घेतलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहीन. एक सांगायचंय, पण ते बसून लिहावं लागेल.

सोनुन


११ एप्रिल

एर्मेक,

हे पत्र पूर्ण वाच. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी वाच.

तू तंग नीट बांधला होतास.

मला माहीत आहे, कारण मी पाहिलंय. त्या नवरोजच्या दिवशी खेळात घोड्यावरून पडलेल्या तुझ्या मित्राला, तालायला, मैदानावरून उचलून नेलं, आणि संध्याकाळच्या आत त्याचा चुलतभाऊ आपल्या अंगणात खोगीर फेकून गेला. "घ्या तुमचं," म्हणाला. तू तेव्हा घरात नव्हतास. बाबा आणि मी होतो. मी खोगीर उलटं केलं. बक्कल बंद होतं, एर्मेक. तिसऱ्या भोकात. तू नेहमी तालायच्या घोड्याला तिसऱ्या भोकात आवळायचास, घोडा पोट फुगवायचा म्हणून थांबून पुन्हा आवळायचास. पट्ट्यावर तिसऱ्या भोकापाशी दाब उमटलेला होता, ताजा. आदल्या रात्री तू प्यायला होतास हे खरं. सगळं गाव तेच धरून बसलं आणि तूही तेच धरलंस. पण तुझे हात विसरले नव्हते.

फाटला तो बक्कलच्या घडीपाशी. टाक्यांच्या रेषेत. दोरा शाबूत होता.

ते टाके माझे होते.

गावाचा सामुदायिक शेतसंघ मोडला तेव्हा शिवणखात्याचं ते मशीन मीच मागून आणलं, आठवतं? तू गाडीवरून ओढत आणलंस. मोटरचा पट्टा बसवताना म्हणालास, "एजे, हे ताडपत्रीचं मशीन आहे." मी म्हटलं, "तू घोडी सांभाळ, शिवायचं मला शिकवू नकोस." बाबा दोन दिवसांत हातानं एक तंग शिवायचे, मी एका दुपारी दोन काढले. बक्कलपाशी मशीन अडायचं, सुई तिथंच नाचायची, टाके गच्च पडायचे. मला वाटायचं, वा! इथं तर दुप्पट मजबूत. बाबांनी आपला शिक्का मारून दिला, डोळे अधू झाले होते, माझ्यावर विश्वास ठेवला. त्या हिवाळ्यात मी असे अकरा तंग शिवले.

मी बाबांना तो पट्टा दाखवला. ते खिडकीपाशी घेऊन गेले, नखानं एकेक टाका चाचपला. बराच वेळ. मग चुलीचं दार उघडून पट्टा आत टाकला. मी म्हटलं, "बाबा, एर्मेकवर आळ आलाय." ते म्हणाले, "तो पोरगा आहे. लोक विसरतील. पण बेयशे उस्तादाच्या खोगिरानं माणूस मारला हे तिन्ही खोऱ्यांत कुणी विसरणार नाही. मग खायचं काय? तुला कोण दारात उभं करील?"

सगळं बाबांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. पण त्यांनी पट्टा जाळला तेव्हा मी चुलीचं दार धरून उभी होते. बक्कल गरम झालेलं मीच चिमट्यानं काढलं. मला बरं वाटलं होतं, एर्मेक. तेवढा एक क्षण. की आता कुणाला कळणार नाही.

जळलेल्या चामड्याचा वास तीन दिवस घरात होता. चौथ्या दिवशी तू गेलास.

बाबांनी त्यानंतर शिक्का कानशीनं घासून सपाट केला. कुणी विचारलं तर म्हणायचे, म्हातारा झालो, आता कसला शिक्का. तुझं नाव घरात निघालं की उठून अंगणात जायचे.

आणि मी? मी तंग शोधत फिरले. अकरांमधला एक जळाला, दहा कुणाकुणाच्या घोड्यांच्या पोटाखाली होते. हे रोज डोक्यात असायचं. कुणी घोड्यावरून गेलं की मी आधी पोटाखाली बघायची. लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या घोड्याखाली वाकले, घोड्यानं लाथ घातली, गळ्याचं हाड मोडलं. बायका म्हणाल्या, "सोनुनला नवरा नाही मिळाला, आता घोडा बघतेय!" हसू दे म्हटलं. तंग माझा होता, मी तो बदलून दिला. "जुना झालाय, दे, फुकट नवा देते," असं सांगत सांगत डोंगरातल्या मेंढपाळांपर्यंत गेले. लोकांना वाटलं बाई पुण्य करतेय. एक तर गाढवावर सापडला, मागच्या शरदात. तो नववा.

दहावा कुठं आहे ते मला माहीत नाही. रात्री झोप लागत असते, मग मैदानावरच्या आरोळ्या ऐकू येतात आणि खोगीर घसरतं. दर वेळी वर वेगळं माणूस असतं.

म्हणून मशीनला हात लावला नाही नऊ वर्षं.

तू काय करशील ते कर. मला शिव्या लिहून पाठव. फक्त एवढं लक्षात ठेव, तिसरं भोक.

सोनुन


७ मे

एर्मेक,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाहीये, असं म्हणणार होते, पण खोटं लिहायचं सोडलंय.

दहावा सापडला. ऐक.

आज सकाळी दारात घोडा थांबला. तालायची मुलगी, झाझगुल. तू गेलास तेव्हा आठ वर्षांची होती, आता सतरा. पाहुण्यांना तळ्यावर न्यायचं काम घोडेवाल्यांच्या मंडळात तिनंच पुढं होऊन घेतलंय. बापासारखीच खांदे मागं टाकून बसते. मी तिच्याकडं नीट बघत नाही कधी.

"एजे, तीस तंगांचं कुठवर आलं? प्रमुख विचारतोय."

"मशीन बघतेय अजून."

"बघताय काय, गुडघे टेकून लग्न लावायचंय का त्याच्याशी?" हसली. मग खाली उतरून घोड्याच्या पोटाखालचा तंग सोडला आणि माझ्यापुढं टाकला. "असाच हवा सगळ्यांना. आजीच्या पेटीत पडून होता, माझ्या बाबांचा. तुमच्या वडिलांचा शिक्का आहे बघा. नऊ वर्षांनी काढला तरी कसा आहे! गेला महिनाभर यावरच फिरतेय, घाटात, पाण्यातनं, सगळीकडं."

मी हातात घेतला. बक्कलपाशी टाके गच्च. तू दिला असशील तालायला, मला न विचारता. मित्राला दुसरा एक असू दे म्हणून.

"एजे? काय झालं?"

आपल्या खांबाला पट्टे ताणायचा आकडा आहे ना, त्यात बक्कल अडकवलं, पट्टा हाताला गुंडाळला आणि पाय खांबाला लावून हिसका दिला. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला फाटला. मी पाठीवर पडले.

झाझगुल हसायला लागली. मग तिनं तुकडा उचलला, कड बघितली. मुलगी हुशार आहे. दोरा बघितला. माझ्याकडं बघितलं.

"हा तर शिवणीत फाटला," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "बाबांचाही असाच फाटला होता का?"

मी "हो" म्हटलं. नऊ वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते एवढंसं निघालं.

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती घोड्याच्या मानेला चिकटून उभी राहिली, तोंड आयाळीत. मग म्हणाली, "हे मी आजीला सांगणार नाही. तुम्ही सांगा. आत्ता, माझ्याबरोबर." घोड्यावर बसली नाही. खोगीर उतरवून आपल्याकडंच ठेवलं आणि आम्ही दोघी घोडा ओढत चालत गेलो, गावातून, भर दुपारी.

तालायची आई, उमसुन आपा, अंगणात काठीनं लोकर पिंजत होती. शुक्रवार होता, कढईत तेल तापलेलं, मेलेल्यांना वास पोचावा म्हणून पोळ्या तळायच्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. मशीन, टाके, बक्कल, चूल. बाबांचं आणि माझं दोघांचं. तिनं काठी खाली ठेवली नाही, पण पिंजायची थांबली.

सांगून झालं. तेल जळायला लागलं. झाझगुलनं कढई उतरवली.

"तिसऱ्या भोकात होतं बक्कल?" आपानं विचारलं.

"हो."

"तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहिलं."

"दर शुक्रवारी," ती म्हणाली, "पोळी कढईत सोडताना मी आधी माझ्या लेकरासाठी दुवा मागते, आणि मग त्या पोराला शाप देते. परक्या मुलखात मरो, कुत्र्यानं ओढत न्यावा असा मरो, त्याचं नाव घ्यायला कुणी न उरो. नऊ वर्षं. एक शुक्रवार चुकवला नाही. ताप असताना उठून दिला शाप." तिनं माझ्याकडं बघितलं. "सोनुन, पोचला असेल का गं तो? चुकीच्या माणसाला दिलेला शाप परत कसा बोलवायचा असतो? तुला माहीत आहे?"

मी पाय धरायला वाकले, तिनं पाय मागं घेतले.

"माझ्यापुढं वाकू नकोस. तिथं उभी राहा, जिथं त्या पोराला बोल लावला. मैदानावर. माणसं जमतील तेव्हा."

परवा नऊ तारीख. मैदानावर खेळ आहेत, तिन्ही खोऱ्यांतले घोडेस्वार येणार आहेत. मी जाणार आहे. भीती वाटतेय, एर्मेक. मरणाची नाही. त्यांच्या घोड्यांकडं कशी बघू, याची.

सोनुन


३० मे

एर्मेक,

झालं.

खेळ सुरू व्हायच्या आधी उमसुन आपानं प्रमुखाच्या हातातून भोंगा घेतला आणि माझ्या हातात दिला. तिला नाही म्हणायची कुणाची छाती होती? दोनशेच्या वर घोडे असतील. मी म्हटलं, "मी बेयशे उस्तादाची मुलगी सोनुन. नऊ वर्षांपूर्वी याच मैदानावर तालाय पडला तो एर्मेकच्या चुकीनं नाही. एर्मेकनं तंग नीट बांधला होता. शिवण माझी होती आणि ती वाईट होती. हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसले." बरंच काही ठरवून नेलं होतं. एवढंच निघालं.

आरडाओरडा नाही झाला. वाटलं होतं दगड मारतील. एकेक जण घोड्यावरून उतरून आपापला तंग चाचपायला लागला. दोनशे माणसं वाकून घोड्यांच्या पोटाखाली बघतायत. मी नऊ वर्षं जे करत होते ते सगळं मैदान करत होतं. तालायचा चुलतभाऊ माझ्यासमोर आला. तो थुंकला, माझ्या पायापाशी. मग म्हणाला, "त्या दिवशी मी एर्मेकच्या तोंडावर थुंकलो होतो. तो काहीच बोलला नाही. का नाही बोलला तो?" तूच सांग कधीतरी, वाटलं तर.

दुसऱ्या दिवसापासून आपल्या अंगणात खोगिरं येऊन पडायला लागली. माझी, बाबांची, हातानं शिवलेलीही. काही जणांनी कुंपणावरून फेकली. मंडळाचा प्रमुख आला आणि म्हणाला, तीस तंगांचं राहू दे. मी म्हटलं, बरोबर आहे. तिथं झाझगुल होती. ती म्हणाली, "मग कुणाकडनं आणणार? बाजारातनं? तिथला दुकानदार घोड्याखाली वाकून बघतो का? या बाईनं एका तंगापायी हाड मोडून घेतलंय."

"तिनं तुझा बाप मारला, पोरी."

"मला माहीत आहे. मी तिला चहा देणार नाहीये. तंग मागतेय."

प्रमुख तयार झाला. पण अट घातली, प्रत्येक तंग सगळ्यांसमोर ताणून दाखवायचा. मी त्याहून जास्त मागितलं. भिजवून, वाळवून, मग ताणायचा.

मशीन घेतलं. झिनाइदाकडंच गेले. मला बघून म्हणाली, "आलीस? मला वाटलं दुसरीकडं फसलीस." या वेळी मी उठून आले नाही. पावलं टाकणारं, सपाट मेजाचं घेतलं. नळीवालं नको, तंग सरळच असतो. मोटरच्या चाकाजागी तिनं लहान चाक बसवून दिलं, आता पाय दाबला तरी एकेक टाका मोजता येतो. टाका लांब, सहा मिलिमीटर. सुई गोल टोकाची, दोरा नायलॉनचा. घडीपाशी मी मोटर बंद करते आणि चाक हातानं फिरवते. तिथं मशीनवर भरवसा ठेवत नाही. बाई म्हणाली, "ठेवूही नकोस. चांगल्या मशीनची चूक चांगले कपडे घालून येते." जुनं मशीन तिला मोडीत हवं होतं. मी दिलं नाही. ज्यांच्याकडं तंबू शिवतात त्यांना दिलं, आणि वर लिहून ठेवलं, फक्त ताडपत्री.

पहिला तंग ताणायला उमसुन आपा स्वतः आली. बहात्तर वर्षांची बाई. चपला काढल्या, दोन्ही पाय खांबाला लावले, पट्टा कमरेला गुंडाळला आणि मागं झुकली. दात आवळून, डोक्यावरचा रुमाल सुटला तरी. झाझगुल धावली तर तिला ओरडली, "बाजूला हो." पट्टा धरला. तिनं तीनदा ओढला. मग तिथंच खाली बसून रडली, आवाज न करता, पट्टा मांडीवर घेऊन. मी मशीनवरून उठले नाही. मला उठायचा अधिकार आहे असं वाटलं नाही.

रडून झाल्यावर म्हणाली, कागद घे. खालचं तिनं सांगितलंय, मी जसंच्या तसं लिहितेय.

एर्मेक, मी उमसुन, तालायची आई. मला लिहिता येत नाही म्हणून तुझ्या बहिणीकडनं लिहून घेतेय. मी तुला नऊ वर्षं शाप दिले, ते तुला कळले असतील किंवा नसतील. तुझा हात मशीनमध्ये गेला असेल, बर्फात घसरला असशील, बायकोनं सोडलं असेल, तर ते माझ्यामुळं असं समज. आता दर शुक्रवारी पहिली पोळी तुझ्या नावानं तळते. मुल्ला म्हणतो जिवंत माणसासाठी तळत नाहीत. म्हणू दे, त्याला काय कळतं, त्यानं कधी कुणाला शाप दिलाय का? तुझ्या बहिणीला मी माफ केलेलं नाही. हे लिहिताना ती थांबली, मी पुन्हा सांगितलं, लिही. ते माझं आणि तिचं बघू आम्ही. पण दफनाच्या दिवशी तू मूठभर माती घेऊन आला होतास आणि मी तुझा हात झटकला. माती खाली पडली. तालायच्या अंगावर तेवढी एक मूठ कमी आहे, पोरा. ये आणि टाक.